पहिलीसाठी वर्षाला लाखभर? खासगी, अनुदानित की मनपा, नागपूरकरांनो खरं खरं सांगा

बेसा_रोड:
नमस्कार मंडळी. लेक केजी-टूला आहे, येत्या सत्रात पहिलीत जाईल. आम्ही बेसा भागात राहतो. नवरा मिहानमध्ये, मी बर्डीवर एका सीएच्या ऑफिसात. दोघांचे मिळून हातात ८८ हजार येतात. त्यातले २६ हजार फ्लॅटच्या हप्त्यात जातात, सासऱ्यांची औषधं वेगळी.

समोर तीन शाळा आहेत. पहिली घराजवळची सीबीएसई. फी ७२ हजार, व्हॅन महिन्याला १,८००, पुस्तकं-गणवेश-वह्या धरून आणखी १२ हजार. प्रवेशाच्या वेळी एकदाच भरायचे २५ हजार निराळे, त्याला ते ‘विकास निधी’ म्हणतात. दुसरी महालातली जुनी अनुदानित मराठी शाळा, सेमी इंग्रजी. नवरा तिथेच शिकला. वर्षाचे सगळे मिळून ५-६ हजार, पण अंतर बघा. तिसरी मनपाची, घरून पायी जाता येते. तिचं घरात नुसतं नाव काढलं तर सासूबाईंनी पोळी लाटायची थांबवली.

मला एकच विचारायचं आहे. पहिली ते पाचवी एवढ्या पैशात लेकराला नेमकं काय जास्त मिळतं? ‘एक्स्पोजर’ सोडून सांगा. तो शब्द प्रत्येक शाळेच्या फ्लेक्सवर आहे.

तर्री_पोहा:
धागा पकडून बसतो. माझंही पोट्टं पुढल्या वर्षी.

गोरेवाडा:
ताई, माझी दोन्ही मुलं सीबीएसईत आहेत आणि मला त्याचा काही पस्तावा नाही. आमच्या घरात इंग्रजी बोलणारं कोणी नाही. ज्यांच्या घरी आई-बाबा दोघंही इंग्रजी पेपर वाचतात त्यांनी मराठी शाळेचं कौतुक करावं, त्यांना परवडतं. आम्ही शाळेला पैसे देतो ते याचसाठी, की जे घरात नाही ते तिथं कानावर पडावं.

दुसरं म्हणजे वेळ. आमच्या शाळेत संध्याकाळी साडेपाचपर्यंत डे-केअर आहे. बायको आणि मी दोघंही कामाला. अनुदानित शाळा बाराला सुटली तर लेकरू कुठं ठेवायचं? बाई ठेवा, तिचे ७-८ हजार द्या. मग स्वस्त काय राहिलं?

हिशोबी:
बोलण्याआधी आकडे मांडू, मग भांडू.

७२ हजारांवर दरवर्षी १० टक्के वाढ धरली (कमी धरली म्हणा), तर पाचवीच्या वर्षी फी १,०५,४०० होते. पाच वर्षांची नुसती फी सुमारे ४ लाख ४० हजार. व्हॅन दहा महिन्यांची आणि पुस्तकं-गणवेश न वाढता धरले तरी दीड लाख. वर ते २५ हजार. झाले ६ लाख १५ हजार. महालची शाळा वर्षाला ६ हजार आणि लांबची व्हॅन महिन्याला अडीच हजार धरली तरी दीड लाखाच्या थोडं वर. फरक ४ लाख ६० हजारांचा, म्हणजे महिन्याला साधारण ७,६००.

हेच ७,६०० पाच वर्षं ७ टक्क्यांच्या आरडीत गेले तर साडेपाच लाखांच्या जरा खाली जमतात. ते न मोडता त्याच दरानं आणखी सात वर्षं ठेवले तर बारावीच्या वेळी पावणेनऊ लाख हातात. तेव्हा खरी गरज असते, नीटच्या क्लासची फी बघितली असेल तर कळेल.

आणि ज्यांना वाटतं फीवर कर वाचतो: आयकराच्या ८० सी सवलतीत फक्त ट्यूशन फी चालते, तीही जुनी करप्रणाली घेतली असेल तरच, आणि दीड लाखाच्या त्याच मर्यादेत पीएफ-विमाही बसतो. व्हॅन, विकास निधी, डोनेशन त्यात येत नाही.

त्या २५ हजारांबद्दल: कॅपिटेशन फीला, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीवर घेतलेल्या पैशांना, राज्यात १९८७ च्या कायद्यानं बंदी आहे, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम १३ नंही आहे, आणि आरटीईत घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. शाळा नाव बदलून घेतात. मंजूर फी-रचनेत तो मथळा आहे का, ते लेखी मागा. मागितलं की बोलण्याचा सूर बदलतो, बघा.

बेसा_रोड:
हिशोबी भाऊ, आरडी-बिरडी कागदावर छान दिसते. आमच्या घरी ते ७,६०० वाचले तर दिवाळीत सोफा येईल.

हिशोबी:
मग आरडी एक तारखेला कापा, पगार दिसायच्या आधी.

मास्तरीण:
मी हिंगणा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवते, त्यामुळे एका बाजूची आहे असं समजूनच वाचा.

पहिली ते तिसरीत एकच गोष्ट बघायची असते. मूल अनोळखी उतारा वाचून त्याचा अर्थ सांगतं का, आणि हातच्याची वजाबाकी समजून करतं का. बाकी सगळं नंतर येतं. हे राहिलं तर पुढं काहीच नीट बसत नाही. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीचा २०२४ चा अहवाल बघा (तो ग्रामीण भागाचा असतो, नागपूर शहराला जसाच्या तसा लावू नका). देशभरात पाचवीतली निम्म्याहून जास्त मुलं दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली नाहीत. आता सगळे म्हणतील, बघा, सरकारी शाळा. पण त्याच अहवालात खासगीतलीही दहातली साधारण चार मुलं अडकतात, आणि तिथं तर पालक फी भरतात, बहुतेकांच्या घरी कोणीतरी शिकलेलं असतं.

माझ्या शेजारचा मुलगा नामांकित शाळेत तिसरीत आहे. त्याच्या वहीत उत्तरं मोत्यासारख्या अक्षरात, प्रत्येक पानावर स्टार. मी त्याला म्हटलं, हा ‘इव्हॅपोरेशन’चा प्रश्न तुझ्या शब्दांत सांग. तो डोळे मिटून म्हणायला लागला, ‘द प्रोसेस बाय विच वॉटर…’ मग विचारलं, आईनं गच्चीवर टाकलेली ओली चादर दुपारी कोरडी कशी झाली? म्हणाला, ‘ते सिलॅबसमध्ये नाही, काकू.’ पोरगा हुशार आहे हो. त्याला विचारलंच नाही कोणी.

शाळा बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका. तिसरीच्या वर्गात जाऊ द्या म्हणा, पुस्तकाबाहेरचा परिच्छेद न्या, शेवटच्या बाकावरच्या दोघा-तिघांना वाचायला सांगा. पहिल्या बाकावरचे वाचणारच.

संत्रागोळी:
मॅडम, एक विचारू? तुमची मुलं कुठं आहेत? कारण झेडपीच्या बहुतेक शिक्षकांची कॉन्व्हेंटला असतात, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

मास्तरीण:
विचारा की, हा प्रश्न येणारच होता. एक अनुदानित मराठी शाळेत आठवीत आहे, धाकटी त्याच शाळेत चौथीत. माझ्या शाळेत का नाही? कारण मी शहरात राहते आणि तिला रोज तेवढं नेणं-आणणं जमत नाही. आणि आमच्यात काय कमी आहे तेही सांगते: पाच वर्गांना दोन शिक्षक, त्यातला एक कधी मतदार यादीच्या, कधी निवडणुकीच्या कामावर. कायद्यानंच ती कामं आम्हाला लावता येतात. त्या दिवशी दुसरा शिक्षक पाचही वर्ग सांभाळतो. शिकवत नाही, सांभाळतो.

फुटाळा:
खासगीत जास्त शिकतात का, यावर आपल्याकडचा एक चांगला अभ्यास आहे. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी आंध्रातल्या १८० गावांत २००८ पासून केला. खासगी शाळेची फी भरून देण्यासाठी अर्ज मागवले आणि चिठ्ठ्या टाकून मुलं निवडली. त्यामुळे ‘चांगल्या घरची मुलं खासगीत जातात म्हणून पुढं असतात’ ही भानगडच राहिली नाही. चार वर्षांनी तपासलं तर तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुलं सारखीच. हिंदीत मात्र खासगीतली बरीच पुढं, कारण सरकारी प्राथमिक शाळेत हिंदी शिकवतच नव्हते.

गंमत पुढं आहे. खासगी शाळांनी तेलुगू-गणिताला कमी तास दिले होते आणि तरी निकाल तेवढाच होता. शिवाय त्यांचा एका मुलामागचा खर्च सरकारीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. म्हणजे त्या शाळा वाईट नव्हत्या, काटकसरीच्या होत्या. मुख्य म्हणजे शिक्षकांना पगार फारच कमी.

अर्थात त्या गावातल्या स्वस्त शाळा होत्या, वर्धा रोडवरच्या स्विमिंग पूलवाल्या नाहीत. पण पहिलीच्या मॅडमला किती मिळतात, हे तुमच्या ७२ हजारांच्या शाळेतही विचारून बघा. माझी वहिनी अशाच एका शाळेत होती. १४ हजार, तेही दहा महिने. वर्षात त्या वर्गाच्या तीन मॅडम बदलल्या. सहा वर्षांच्या लेकराला बाई ओळखीची होते न होते तोच दुसरी.

गोरेवाडा:
मान्य आहे, बाई बदलतात. पण खासगीत तक्रार केली तर निदान ऐकून घेतात. मनपाच्या शाळेत कोणाला सांगायचं?

बर्डीवाला:
ऐकून घेतात? काय सांगता राजेहो! आमच्याकडे फी वाढवली तेव्हा शंभर पालक गेटवर उभे होते, आतून पाण्याचा ग्लास आला नाही.

कायदा मात्र वाचून ठेवा. महाराष्ट्राचा फी विनियमन कायदा २०११ चा. त्यानुसार फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीनं मंजूर करायची, आणि त्या समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे. प्रत्यक्षात मुख्याध्यापकांच्या मर्जीतले दोघे-चौघे बसवतात आणि आपल्याला इतिवृत्तावर सह्या झाल्यावर कळतं. ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. फीविरुद्ध विभागीय समितीकडे पालकांना जायचं तर नंतरच्या दुरुस्तीनं २५ टक्के पालक एकत्र लागतात. आता २५ टक्के गोळा करून दाखवा! अर्धे म्हणतात, ‘माझ्या मुलावर राग काढतील.’

तीनचाकी:
नमस्कार. मी ऑटो चालवतो, नंदनवनकडं राहतो. माह्या पोरीचा नंबर आरटीईत, म्हणजे खासगी शाळेतल्या राखीव मोफत जागेवर, लागला होता, म्हणून मलेही बोलू द्या. ७० हजारवाल्या शाळेत ती फुकट शिकली, आता सहावीत आहे. चांगली वाचते, इंग्रजी फाडफाड. म्हणून शाळा खराब असं मी म्हणणार नाही.

पण फुकट म्हणजे फुकट नसते जी. पुस्तकं, गणवेश, सहल, गॅदरिंगचा ड्रेस, सगळ्याचे पैसे मागितले. पहिल्या वर्षी दिले. मग एका वकील सवारीनं सांगितलं, पुस्तकं-गणवेशाचे मागताच येत नाही. मी अर्ज लिहून नेला, तर बाई म्हणे, ‘सरकारच आमचे पैसे थकवते.’ तेही खोटं नाही. सरकार एका लेकरामागं वर्षाला १७,६७० देतं आणि तेही वेळेवर देत नाही.

मले खरी चिंता आठवीनंतरची आहे. आरटीई आठवीपर्यंत. नववीची फी मी विचारून ठेवली, ऑटोचे दोन हप्ते होतात त्यात. पोरीनं तिथं आठ वर्षं काढल्यावर तिले कोणत्या तोंडानं सांगू, का आता दुसरी शाळा?

मास्तरीण:
तीनचाकी भाऊ, आतापासूनच एखाद्या अनुदानित हायस्कूलमध्ये बोलून ठेवा. आठवी पास झालेल्या मुलीला नववीत घेतात, सेमीचा वर्ग असेल तर भाषेचं ओझंही वाटत नाही.

बेसा रोड ताई, तुमचा प्रवर्ग विचारत नाही, पण एक सांगते. आरटीईत १ लाखाची उत्पन्न मर्यादा खुल्या गटातल्या दुर्बल घटकासाठी आहे. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी अशा वंचित गटांना राज्यात ती नाही. पुष्कळ नोकरदार पालक ‘आपल्याला कुठं लागतंय’ म्हणून अर्जच भरत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं सरकारी-अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळा यातून वगळल्या होत्या, तो बदल उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैत रद्द केला. त्यामुळे ऐकीव माहितीवर जाऊ नका.

निवृत्त_गुरुजी:
मी ३० वर्षे अनुदानित शाळेत होतो, म्हणून या शब्दाभोवतीची आरती थोडी थांबवतो. अनुदानित म्हणजे शिक्षकांचा पगार सरकार देतं, बस एवढंच. पगार पूर्ण, शिक्षक टिकतो, ही जमेची बाजू. पण जागा रिकाम्या पडल्या की वर्षानुवर्षं भरत नाहीत आणि पहिलीचा वर्ग मानधनावरच्या कोणाकडं जातो. संस्थाचालकांनी पैसे घेऊन केलेल्या भरतीबद्दल मी काय सांगावं? २०२५ मध्ये आपल्याच नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचं (शिक्षकांच्या सरकारी पगारासाठी लागणाऱ्या नोंदणी क्रमांकाचं) प्रकरण निघालं, ते याच गोटातलं.

तेव्हा ताईंनी शाळेत तीन प्रश्न विचारावेत. पहिलीला कोणत्या बाई आहेत आणि त्या या वर्गावर किती वर्षं आहेत? पटावर किती मुलं? (आरटीईत प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे, ५५ चा वर्ग दिसला तर परत फिरा.) सेमी म्हणजे नेमकं काय, गणित पहिलीपासून इंग्रजीतून की पाचवीपासून? याला जे मुख्याध्यापक रजिस्टर उघडून उत्तर देतील, तिथं बसून चहा घ्या.

‘सीबीएसई पॅटर्न’ असा फलक दिसला तर संलग्नता क्रमांक मागा. पॅटर्न कोणीही लिहितो. खरी संलग्न शाळा फी, शिक्षकांची नावं, अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र हे सगळं आपल्या संकेतस्थळावर टाकते, मंडळाचा तसा नियमच आहे.

सांबारवडी:
केंद्रीय विद्यालयाचं कोणी बोललं नाही? अजनी, वायुसेनानगर, अंबाझरी, कामठी. पहिली-दुसरीला महिन्याला ५०० रुपये विकास निधी, बाकी काही नाही. खासगी नोकरीवाल्यांचा नंबर सगळ्यात शेवटी, तरी अर्ज टाकायला काय जातं. वय मात्र ३१ मार्चला सहा पूर्ण लागतं, राज्याच्या शाळांसारखं ३१ डिसेंबर चालत नाही.

संत्रागोळी:
एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते, मग शिव्या द्या. फी आपण शिकवण्यासाठी कमी आणि बाजूच्या बाकावर कोण बसेल यासाठी जास्त भरतो. मनपाच्या शाळेत घरकाम करणाऱ्या बाईंची, हमालांची, ऑटोवाल्यांची लेकरं असतात. सासूबाईंची पोळी थांबली ती शिक्षणाच्या काळजीनं नाही थांबली. निदान स्वतःशी तरी कबूल करा.

तीनचाकी:
खरं बोलल्या ताई. माह्या पोरीच्या वर्गातल्या एका आईनं वाढदिवसाचं बोलावणं सगळ्यांना दिलं, आरटीईच्या चार पोरी सोडून.

गोरेवाडा:
हे वाईटच आहे. पण मी माझ्या मुलासाठी चांगली संगत शोधतो यात मला लाज वाटत नाही. संगतीनं मुलं बिघडतात-सुधारतात, हे आपली आजीही सांगायची.

संत्रागोळी:
संगत आणि जात-वर्ग यात फरक आहे, इतकंच. (आता हा धागा दुसरीकडे नेत नाही.)

बेसा_रोड:
सगळ्यांचे आभार. मधल्या काळात तिन्ही शाळा बघून आले, सुट्टी टाकून, वर्ग चालू असताना.

सीबीएसईत रिसेप्शन, पूल आणि रोबोटिक्सची खोली दाखवली. वर्गात जाता येणार नाही म्हणाले, काचेतून बघा. काचेतून ४३ मुलं मोजली. फीचा मंजूर तक्ता मागितला तर ‘मेल करतो’, अजून आलेला नाही. डे-केअर मात्र खरंच छान होतं, उशा-पांघरुणं धुतलेली. माझा जीव तिथंच अडकला होता.

मनपाच्या शाळेचा धक्का वेगळाच. बाई उत्तम. आइसक्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून वजाबाकी घेत होत्या. एका मुलाला ३२ मधून १५ काढायचे होते, त्यानं एका गठ्ठ्याचं रबर सोडलं, काड्या मोकळ्या केल्या आणि मग मोजल्या. मला स्वतःला हातचा असा कोणी दाखवला नव्हता. पण पहिली-दुसरी एकाच खोलीत, आणि बाई म्हणाल्या, बदलीची यादी लागली की मी जाईन. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नव्हती. ती मला ओलांडता आली नाही.

महालच्या शाळेत मुख्याध्यापिकेनं खरंच रजिस्टर उघडलं. तिसरीत वर्तमानपत्राचा तुकडा दिला, शेवटच्या बाकावरच्या मुलीनं अडखळत का होईना वाचला आणि ‘म्हणजे पाणी दोन दिवस येणार नाही’ असं सांगितलंही. पहिलीच्या बाई अकरा वर्षं त्याच वर्गावर. गणित पहिलीपासून इंग्रजीतून. अडचण एकच, बेसा ते महाल. सक्करदऱ्याची गर्दी, त्यात आपलं ऊन. सहा वर्षांच्या लेकराला एवढं रोज?

निवृत्त_गुरुजी:
महालच कशाला? मानेवाडा, अयोध्यानगर, हुडकेश्वर या पट्ट्यात अनुदानित शाळा आहेत. नावं इथं टाकत नाही, निरोप पाठवतो. हाच वाचून घ्यायचा प्रयोग तिथं करा.

बेसा_रोड:
गुरुजी, पाठवलेल्या दोनपैकी मानेवाड्याकडची बघितली. पटावर ३४, बाई जुन्या, सेमी पहिलीपासून. पूल नाही, मैदान आहे आणि त्याच्यावर मुलं होती. फॉर्म घेतला. नवऱ्याचं म्हणणं, पाचवीपर्यंत इथं आणि सहावीला सीबीएसईत टाकू. असं कोणी केलंय का?

फुटाळा:
भाच्यानं केलं. गणिताला काही झालं नाही. सामाजिक शास्त्राची इंग्रजी उत्तरं लिहिताना पहिलं सत्र जड गेलं, मग सुरळीत. पण सहावीला जागा असतेच असं नाही, पाचवीच्या दिवाळीपासून चौकशी सुरू करा.

गोरेवाडा:
ताई, डे-केअरचं काय केलं?

बेसा_रोड:
शाळा साडेबाराला सुटते. सासरे आणायला तयार आहेत, पण मार्च-एप्रिलच्या उन्हात त्यांना पाठवणार नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू साडेतीन हजारांत संध्याकाळपर्यंत ठेवतील. हिशोबी भाऊ, तुमच्या ७,६०० मधून ते वजा करा. उरलेल्याची आरडी कालच उघडली, चार हजारांची. सासूबाई अजून बोलत नाहीत, पण शाळेचं मैदान बघून आल्या.

आता फक्त व्हॅन राहिली. मानेवाडा चौकाच्या बाजूला कोणाची जाते का?

तीनचाकी:
मी जातो त्या बाजूनं. निरोप टाका. पण सांगून ठेवतो, सहा लेकरांच्या वर बसवत नाही, आणि पुढं माह्या बाजूला कोणालेच नाही.